न बोलणाऱ्या मुलाचे बोलणे कसे ओळखावे?

‘‘याला काही कळत नाही हो, नुसता हसत असतो.’’ ‘‘हिला कितीही हाका मारा, ही वळूनसुद्धा बघत नाही.’’ दवाखान्यात, लग्नकार्यात, शाळेच्या ऑफिसात अशी वाक्ये मुलाच्या देखत बोलली जातात. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण मूल ते ऐकत असते आणि ज्याला बोलता येत नाही त्याला हे वाक्य खोडूनही काढता येत नाही.

सगळीच मुले एका वेळी बोलू लागत नाहीत, हे आपण जाणतो. कोणी वर्षाचा होताच ‘बाबा’ म्हणतो, कोणी दोन वर्षांपर्यंत घोर लावतो. आज मात्र या सदरात जरा वेगळ्या मुलांबद्दल बोलायचे आहे. जन्मतःच एखाद्या जनुकात बदल असल्याने ज्यांची वाढ निराळ्या वाटेने होते, ज्यांच्या आजाराचे नाव गावातल्या डॉक्टरांनी पुस्तकातच वाचलेले असते, अशी ही मुले. त्यांना किती कळते आणि ती किती सांगू शकतात, हे कसे तपासायचे? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. त्याच्या उत्तरावर मुलाची शाळा, त्याचे उपचार आणि पुष्कळदा त्याचा जीवही अवलंबून असतो.

दोन डॉक्टर, दोन आजार

सन 1954. व्हिएन्नामधील डॉ. आंद्रेआस रेट यांच्या दवाखान्यात दोन मुली आपापल्या आईच्या मांडीवर बसल्या होत्या. दोघींचे हात सारखे एकमेकांवर चोळले जात होते, जणू त्या हात धूत आहेत. दोघींच्या हालचालीत इतके साम्य होते की डॉक्टर थबकले. त्यांनी जुने कागद तपासले, आणखी मुली शोधल्या आणि 1966 मध्ये जर्मन भाषेत त्याविषयी लिहिले. त्या लेखनाकडे जगाचे फारसे लक्ष गेले नाही. 1983 मध्ये स्वीडनचे डॉ. बेंग्ट हागबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी 35 मुलींची माहिती इंग्रजीत प्रसिद्ध केली, तेव्हा ‘रेट सिंड्रोम’ हे नाव सर्वत्र पोहोचले. 1999 मध्ये डॉ. हुडा झोगबी यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने त्यामागचे जनुक शोधून काढले. ते एक्स गुणसूत्रावर असते, म्हणून हा आजार बहुतांशी मुलींमध्ये आढळतो. साधारण दहा हजार मुलींमागे एकीला तो होतो.

रेटमध्ये आईबापांच्या जिवाला चटका लावणारी गोष्ट अशी, की मूल सुरुवातीला बरे वाढत असते. सहा महिने ते दीड वर्ष या काळात वाढ मंदावते. मग आलेले दोन-चार शब्द जातात आणि हातात वस्तू धरण्याचे कौशल्यही जाते. मागे राहतात ते डोळे. रेट असलेल्या मुलींची नजर विलक्षण बोलकी असते, हे त्यांना ओळखणारा प्रत्येक जण सांगतो.

दुसरे डॉक्टर इंग्लंडमधले हॅरी अँजेलमन. त्यांनी 1965 मध्ये तीन मुलांचे वर्णन केले. चालताना झोकांड्या, फिट येणे, झोप कमी, बोलणे जवळजवळ नाही आणि वारंवार खळखळून हसणे. इटलीतील व्हेरोना येथे पाहिलेल्या एका हसऱ्या मुलाच्या चित्रावरून त्यांनी या मुलांना ‘बाहुली मुले’ म्हटले होते. हे नाव पालकांना खुपत असे. ते पुढे मागे पडले आणि आजाराला ‘अँजेलमन सिंड्रोम’ म्हणू लागले. आईकडून आलेल्या पंधराव्या गुणसूत्रावरील एका जनुकाचे काम बंद पडल्याने हा आजार होतो, हे 1997 मध्ये निश्चित झाले. या मुलांपैकी बहुतेकांना शब्द येतच नाहीत किंवा मोजकेच येतात. मात्र समजण्याची शक्ती बोलण्यापेक्षा पुढे असते.

परीक्षा चुकते कुठे?

मुलाची भाषा तपासण्याच्या नेहमीच्या चाचण्या निरोगी हातापायाचे मूल डोळ्यांसमोर ठेवून तयार झालेल्या आहेत. एक जुनी आणि जगभर वापरली जाणारी चाचणी घ्या. एका पानावर चार चित्रे असतात. तपासणारा म्हणतो, ‘‘चेंडू दाखव.’’ मुलाने चेंडूवर बोट ठेवायचे. किती सोपे! पण ज्या मुलीचे दोन्ही हात सतत एकमेकांत गुंतलेले आहेत, तिने बोट ठेवायचे कसे? तिला चेंडू ठाऊक असतो. तो कुठे आहे हेही तिने पाहिलेले असते. कागदावर मात्र शून्य पडते. परीक्षा शब्दज्ञानाची होती, मोजला गेला हात.

दुसरी अडचण वेळेची. रेटमध्ये ऐकलेले मेंदूत पोहोचले, तरी शरीराला हुकूम देऊन तो पाळला जाईपर्यंत बराच वेळ जातो. आपण प्रश्न विचारतो, दोन-तीन सेकंद थांबतो, उत्तर आले नाही की पुन्हा विचारतो, आवाज चढवतो, शेवटी दुसराच प्रश्न काढतो. तिकडे मुलगी पहिल्या उत्तराची तयारी करत असते. दर नव्या प्रश्नाने तिची तयारी मोडते.

तिसरी अडचण चेहऱ्याची. अँजेलमनचे मूल हसते म्हणजे ते दर वेळी आनंदात असते असे नाही. ते उत्तेजित झाले, गोंधळले, तरीही हसू फुटते. तपासणाऱ्याला वाटते, मूल मजेत आहे, लक्ष देत नाही.

चौथी गोष्ट अनोळखी माणसाची. ‘फ्रॅजाइल एक्स’ नावाच्या जनुकीय स्थितीत मुले अनोळखी माणसाच्या डोळ्याला डोळा देत नाहीत, घाबरतात. घरी आजीशी गप्पा मारणारा मुलगा दवाखान्याच्या खोलीत मुका होतो. तिथला अर्धा तास म्हणजे त्या मुलाची भीती मोजणारा अर्धा तास ठरतो.

याच्या उलटही घडते. ‘विल्यम्स सिंड्रोम’ ही सातव्या गुणसूत्राचा छोटा तुकडा नसल्याने होणारी स्थिती. ही मुले मोठी गोड, माणसांत रमणारी. मोठमोठे शब्द वापरून ऐटीत बोलतात. ऐकणारा म्हणतो, ‘‘अहो, किती हुशार!’’ प्रत्यक्षात बोललेल्या सगळ्याचा अर्थ त्यांना उमगलेला असतोच असे नाही. नकाशा वाचणे, ठोकळे जुळवणे, दोन-तीन सूचना लक्षात ठेवून त्याप्रमाणे करणे यात ती अडखळतात. मग शाळेत ‘आळशी’ ठरतात. एकीला बोलता येत नाही म्हणून कमी लेखले जाते आणि दुसऱ्याला छान बोलता येते म्हणून मदत मिळत नाही. बोलणे आणि समजणे या दोन गोष्टी वेगळ्या तपासायच्या असतात, हे यावरून लक्षात यावे.

शब्दांच्या आधीची शिडी

मग तपासायचे कसे? अमेरिकेतील ओरेगन राज्यात डॉ. चॅरिटी रोलँड यांनी 1990 मध्ये एक तक्ता तयार केला. त्याचे नाव ‘कम्युनिकेशन मॅट्रिक्स’. त्यामागचा विचार आपल्या आजीबाईंना पटेल असाच आहे. बाळ शब्द बोलण्याआधी कितीतरी सांगत असते, तेव्हा शब्द मोजण्याआधी ते सांगणे मोजा.

या तक्त्यात सात पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर बाळ कळवळते, अंग ताठ करते. त्याला काही ‘सांगायचे’ नसते, पण आईला कळते. दुसऱ्या पायरीवर ते मुद्दाम काही करते, वाटी ढकलते. हे दुसऱ्याला सांगण्यासाठी आहे याची मात्र त्याला अजून जाणीव नसते. तिसऱ्या पायरीवर ते माणसाला उद्देशून खुणावते, पदर ओढते, हात धरून नेते. चौथ्यावर सगळ्यांना कळतील अशा खुणा येतात. बोट दाखवणे, मान हलवणे, टाटा करणे. पाचव्यावर वस्तू किंवा चित्र ‘त्या’ गोष्टीचे प्रतीक होते; बाहेर जायचे म्हणून मूल चपला आणून देते. सहाव्यावर शब्द किंवा ठरलेली चिन्हे एकेक करून येतात आणि सातव्यावर त्यांची जोडणी होते. तीच भाषा.

या तक्त्याचा दुसरा विशेष असा, की मूल ‘कसे’ सांगते याबरोबर ते ‘कशासाठी’ सांगते हेही तो विचारतो. त्यासाठी चार हेतू धरले आहेत. नको म्हणणे, हवे ते मिळवणे, माणसांशी नाते जोडणे आणि माहिती देणे-घेणे. कित्येक मुले ‘हवे’ आणि ‘नको’ चांगले सांगतात, पण ‘बघ ना गंमत’ असे सांगायला त्यांच्याजवळ साधन नसते. कारण आपण त्यांना भूक आणि शी-शू याशिवाय काही विचारतच नाही.

आणखी एक प्रयत्न अलीकडचा. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी अँजेलमन सिंड्रोमसाठी ‘ऑर्का’ नावाची प्रश्नावली तयार केली. मुलाला रोज पाहणारी माणसे ती भरतात. प्रश्न तयार करतानाच पालकांना विचारण्यात आले की तुमचे मूल नकार कसा देते, मदत कशी मागते. पुढे इतर दुर्मीळ आजारांतही तिचा उपयोग पडताळून पाहण्यात आला. यामागे एक व्यावहारिक निकडही आहे. रेटसाठीचे पहिले औषध, ट्रोफिनेटाइड, अमेरिकेत 2023 मध्ये मंजूर झाले. अँजेलमनवरही नव्या औषधांच्या चाचण्या झाल्या आहेत. औषधाने मुलाच्या संवादात फरक पडला की नाही, हे कसे ठरवायचे? मोजपट्टीची खूण ‘शब्द’ इथूनच सुरू होत असेल, तर पूर्वी मान फिरवणारी मुलगी आता नजरेने दोन वस्तूंतून एक निवडू लागली, हा मोठा फरक त्या पट्टीवर दिसणारच नाही. आधीही शून्य आणि नंतरही शून्य.

चांगल्या तपासणीची लक्षणे

रेट असलेल्या व्यक्तींच्या संवादाबद्दल अनेक देशांतील तज्ज्ञ व पालकांनी मिळून एक मार्गदर्शिका 2020 मध्ये प्रसिद्ध केली. एका भेटीत निकाल देऊ नये, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या ठिकाणी पाहावे आणि ओळखीच्या माणसांना सामील करून घ्यावे, असा तिचा रोख आहे. इतर आजारांनाही तो लागू पडतो. आपल्या मुलाची तपासणी होईल तेव्हा पुढील गोष्टींकडे लक्ष द्या.

कान आणि डोळे आधी तपासले का? ऐकू कमी येत असेल तर पुढचे सगळे निष्कर्ष लटके. फिटची औषधे चालू असतील तर मूल पेंगुळलेले आहे का, हे थेरपिस्टला सांगा. आदल्या रात्री झोप झाली नसेल, बद्धकोष्ठ असेल, तर तारीख पुढे ढकलून मागण्यात संकोच करू नका.

मूल नीट बसले आहे का? तोल सावरण्यातच ज्याची शक्ती जाते, त्याला उत्तर कुठून सुचणार? पाठीला, मानेला आधार द्या. पाय लोंबकळत ठेवू नका, खाली पाट ठेवा.

उत्तराची वाट मुलाला झेपेल अशी आहे का? बोटाऐवजी नजर चालेल का? दोन वस्तू एकमेकींपासून दूर धराव्यात, नावे सांगावीत आणि गप्प राहावे. मनात सावकाश दहापर्यंत मोजावे, काहींसाठी त्याहूनही अधिक. रेटच्या मुलींसाठी डोळ्यांची हालचाल टिपणारे कॉम्प्युटरही आता वापरतात, पण दोन वस्तू आणि धीर एवढ्यावर सुरुवात करता येते.

तपासणी कोणत्या भाषेत होते आहे? इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगलोर येथे राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना हा प्रश्न विशेष लागू आहे. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, थेरपिस्टची हिंदी किंवा कन्नड. ज्या मुलीला ‘पाणी’ आणि ‘भाकरी’ कळते, तिला ‘वॉटर’ आणि ‘ब्रेड’ विचारून ‘समज नाही’ असा शेरा मारू देऊ नका. शेजारी बसून घरचा शब्द सांगा. ‘एकच भाषा ठेवा, घरी मराठी बंद करा’ असा सल्ला पुष्कळांना मिळतो. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या अभ्यासांत दोन भाषांमुळे नुकसान झाल्याचे दिसलेले नाही. आजीची भाषा काढून घेतली तर मुलाशी बोलणारे माणूसच एक कमी होते.

मायेची घाई

इथे एक सावधगिरीची सूचना करायलाच हवी. मुलाला काहीच कळत नाही असे मानणे ही एक चूक, तशीच त्याच्या प्रत्येक हालचालीत आपल्या मनातला अर्थ वाचणे ही दुसरी. मुलीने डावीकडे पाहिले. तिला दूध हवे होते की डावीकडे खिडकी होती? खात्री करायची तर वस्तूंच्या जागा बदला आणि पुन्हा विचारा. ‘हो’साठी ठरवलेली खूण आधी उत्तर माहीत असलेल्या प्रश्नांवर पारखा. चमचा दाखवून ‘‘हा चमचा का?’’ विचारा, मग ‘‘ही चप्पल का?’’ विचारा.

मुलाचा हात किंवा मनगट धरून त्याच्याकडून अक्षरे दाखवून घेण्याची एक पद्धत पाश्चात्त्य देशांत 1990 च्या सुमारास फार गाजली. पानेच्या पाने मजकूर येऊ लागला, आईवडील हरखून गेले. मग मुलाला एक चित्र आणि हात धरणाऱ्याला दुसरेच चित्र दाखवून परीक्षा घेतल्या. उत्तर आले ते हात धरणाऱ्याने पाहिलेल्या चित्राचे! हात धरणारी माणसे लबाड नव्हती, आपण अक्षरे दाखवतो आहोत हे त्यांना स्वतःलाही कळत नव्हते. पण मुलाचे बोलणे म्हणून जे लिहिले गेले ते मुलाचे नव्हते. कोणी अशी पद्धत सुचवली तर नम्रपणे नकार द्या. मुलाचा शब्द थोडका असला तरी चालेल, तो त्याचा स्वतःचा असावा.

घरची वही

थेरपिस्टजवळ महिन्यातले दोन-चार तास असतात, तुमच्याजवळ अख्खा दिवस. म्हणून एक साधी वही करा. पानावर तीन रकाने आखा. आधी काय झाले, मुलाने काय केले, मग आपण काय केले. ‘कुकरची शिट्टी झाली, स्वयंपाकघराकडे पाहिले, पाय हलवले, वरणभात दिला, शांत झाली.’ ‘काका निघाले, ओठ दाबले, अंग ताठ, काका थांबले, सैल झाली.’ आठ-पंधरा दिवसांच्या नोंदींतून मुलाचा आपला असा शब्दकोश तयार होतो. आजी, मोठी बहीण, कामाच्या मावशी, शाळेच्या ताई यांच्याकडूनही नोंदी घ्या. एकच खूण दोघा-तिघांना वेगवेगळ्या वेळी दिसली, तर ती पक्की समजा. मोबाइलवर दोन मिनिटांचे चित्रण केलेत तर तेही तपासणीच्या वेळी दाखवता येते.

वहीत एक पान दुखण्यासाठी ठेवा. हे पान सर्वांत महत्त्वाचे. रेटच्या मुलींची हाडे ठिसूळ असू शकतात, पोटाच्या तक्रारी आणि बद्धकोष्ठ नेहमीचे. जिला ‘दुखते’ म्हणता येत नाही, तिचे मोडलेले हाडसुद्धा ‘हट्ट करते’ या शेऱ्याखाली दडून राहू शकते. जेवण, झोप, चेहरा, आवाज, हालचाल यांत अचानक काय बदलले ते लिहा आणि डॉक्टरांना तसे सांगा. ‘‘आज ती नेहमीसारखी नाही’’ हे आईचे वाक्य निदानाच्या कामाचे असते. त्याला पुरावा जोडला की ते अधिक वजनदार होते.

चित्रांचा तक्ता आणि बोलण्याची भीती

तपासणीनंतर थेरपिस्ट चित्रांचा तक्ता, खुणा किंवा बोलणारे ॲप सुचवतात, तेव्हा घरात हमखास शंका निघते की एकदा का चित्रांची सवय लागली, मग तो बोलणार कधी? या शंकेचा अभ्यास झालेला आहे. 2006 मध्ये जुन्या संशोधनाचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यातील सर्वांत भरवशाच्या 27 व्यक्तींच्या नोंदींत एकाचेही बोलणे कमी झाले नव्हते आणि बहुतेकांचे थोडेफार वाढलेच होते. कुबडीमुळे पाय बिघडत नाही, तसेच हे.

आयआयटी, मुंबई येथे तयार झालेले ‘जेलो’ हे चित्रांवर आधारित ॲप मराठीतही आहे. कागदी तक्ता तर घरीच करता येईल. दोन चित्रांनी सुरुवात करा आणि आपण स्वतःही बोलताना त्या चित्रांवर बोट ठेवत जा. मुले बोलायला ऐकून शिकतात, तशी चित्रेही पाहून शिकतात.

कुठे जावे?

मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था, म्हैसूरला अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था, सिकंदराबादला बौद्धिक अक्षमतेसाठीची राष्ट्रीय संस्था आणि कोलकात्याला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सेरेब्रल पाल्सी या नावाजलेल्या संस्था आहेत. मोठ्या शहरापासून दूर असाल तर जिल्हा रुग्णालयात ‘शीघ्र हस्तक्षेप केंद्र’ आहे का याची चौकशी करा. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा केंद्रांची तरतूद आहे.

शाळेने ‘बोलत नाही, मग काय शिकवणार?’ असे म्हटले तर 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा दाखवा. बोलण्याला पूरक अशा अन्य संवादसाधनांच्या वापराला उत्तेजन देणे हे त्या कायद्याने शासनाचे कर्तव्य ठरवले आहे. तपासणीचा अहवाल हातात असला की मागणीला आधार मिळतो. अहवालात ‘बोलत नाही’ एवढेच लिहिले असेल तर तो अपुरा समजा. ‘नजरेने दोनांतून एक निवडते, नको असल्यास मान फिरवते, उत्तराला साधारण पंधरा सेकंद लागतात’ अशा तऱ्हेचे लिहून मागा. त्या तीन ओळींवर शिक्षिकेला उद्याचा पाठ आखता येतो.

आणि तोवर एक काम आजपासूनच करता येईल. मुलासमोर त्याच्याविषयी बोलणे थांबवा, त्याच्याशी बोला. न्हाऊ घालताना, भाजी निवडताना, रिक्षात बसताना. प्रश्न विचारा आणि थांबा. पुढचा प्रश्न ओठावर आला तरी आवरा. कदाचित पहिल्या दिवशी काही येणार नाही, आठवड्यातही येणार नाही. पण उत्तर येईल त्या दिवशी ते पाहायला आपण तिथे असले पाहिजे.